दोरीवरचा सदरा : दडपशाहीतील बालपणाच्या चित्रपटावर टिपण कसे लिहावे

लहान मुलाच्या डोळ्यांनी दडपशाही दाखवणारा चित्रपट पाहिल्यावर पुष्कळांना त्यावर स्वतःचे असे काही लिहावेसे वाटते. प्रत्यक्ष लिहायला बसल्यावर मात्र हातून बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते : चित्रपटाची कथा सांगून होते, नाहीतर लोकशाहीवर भाषण होते. नाशिकमध्ये आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून परभाषेतील चित्रपट पाहतो आणि पुढच्या बैठकीला प्रत्येकाने दोन-तीन पानांचे टिपण वाचावे असा शिरस्ता आहे. अशी बरीच टिपणे ऐकून, आणि त्याहून अधिक म्हणजे स्वतःची फसलेली टिपणे पुन्हा लिहून, जे हाती लागले ते इथे मांडतो. उदाहरणाला एकच चित्रपट घेतो, म्हणजे सांगणे हवेत राहणार नाही.

चित्रपट ब्राझीलचा आहे, २००६ सालचा, दिग्दर्शक काओ हाम्बुर्गर. इंग्रजीत तो ‘द इयर माय पेरेंट्स वेंट ऑन व्हेकेशन’ या नावाने ओळखला जातो. काळ १९७० चा. लष्करी राजवटीला नकोसे झालेले आईवडील आपल्या बारा वर्षांच्या मुलाला, माउरोला, साओ पाउलो शहरातील बोम रेतिरो या वस्तीत त्याच्या आजोबांच्या दारात सोडून घाईघाईने निघून जातात. आम्ही सुटीवर चाललो आहोत असे सांगावे, आणि विश्वचषक सुरू होण्याच्या आत आम्ही परत येऊ, एवढेच ते त्याला बजावतात. आजोबा न्हावी असतात आणि नेमके त्याच दिवशी वारलेले असतात, त्यामुळे मुलगा शेजारच्या श्लोमो नावाच्या एकट्या वृद्ध ज्यू गृहस्थाच्या गळ्यात पडतो. पुढे सबंध चित्रपटभर तो वाट पाहतो. कथेबद्दल टिपणात याहून अधिक लिहू नये. ज्याला पाहायचा आहे तो पाहील, आणि ज्याने पाहिला आहे त्याला कथा नको असते.

पहिल्यांदा पाहताना वही-पेन जवळ ठेवू नये आणि मध्ये थांबवूही नये. पोर्तुगीज आपल्याला येत नाही, सबटायटल्स इंग्रजीत, म्हणजे अर्धे लक्ष पडद्याच्या तळाशी वाचण्यात जाणारच. ते जाऊ द्यावे. त्याच रात्री झोपण्यापूर्वी पाच-सहा ओळी लिहाव्यात आणि त्यांत मत नसावे, डोळ्यांसमोर राहिलेल्या वस्तू तेवढ्या असाव्यात. माझ्या वहीत त्या रात्री एवढेच होते : ‘निळी फोक्सवॅगन. न वाजणारा फोन. बटणांचा फुटबॉल. म्हातारा आणि मुलगा, दोघांनाही एकमेकांची सवय नाही.’ ‘मन सुन्न झाले’, ‘अंगावर काटा आला’ ही वाक्ये या पानावर येऊ देऊ नयेत. ती खोटी असतात असे नाही, पण कोणत्याही चित्रपटाखाली ती तितकीच शोभतात. दोन-तीन दिवस जाऊ देऊन चित्रपट पुन्हा पाहावा आणि या वेळी वही घ्यावी. गोष्ट आता ठाऊक असल्यामुळे सबटायटल्सवरची नजर सुटते आणि पात्रांचे हात, दारे, खोलीतला अंधार-उजेड दिसू लागतो.

दुसऱ्या पाहणीसाठी पानाचे दोन रकाने करावेत. डाव्या रकान्यात मुलाला काय माहीत आहे ते लिहावे, उजव्या रकान्यात आपल्याला काय माहीत आहे ते. मला विचाराल तर सगळ्या कामात हेच खरे काम आहे, बाकीचे हात साफ करण्यासारखे आहे. डाव्या बाजूला माझ्याकडे आले ते असे : आईबाबा सुटीवर आहेत, सुटी विश्वचषकाच्या आत संपणार आहे, गोलरक्षक मैदानात एकटा असतो, बाबांना उशीर होतो आहे. उजव्या बाजूला आले ते निराळेच. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली ती १९८५ पर्यंत सोडली नाही. डिसेंबर १९६८ मध्ये ‘संस्थात्मक कायदा क्रमांक ५’ आला, संसद बंद झाली आणि राजकीय गुन्ह्यांच्या बाबतीत हेबियस कॉर्पसचा, म्हणजे अटकेतल्या माणसाला न्यायालयापुढे उभे करा असे मागण्याचा, मार्गच मिटला. २१ जून १९७० रोजी मेक्सिकोत ब्राझीलने इटलीला ४-१ असे हरवून तिसऱ्यांदा विश्वचषक जिंकला आणि जनरल मेदिसी यांच्या सरकारने तो विजय आपल्या प्रचाराला मनसोक्त वापरला. पुढे सत्यशोधन आयोगाने २०१४ च्या अहवालात मारल्या गेलेल्या व बेपत्ता झालेल्या ४३४ जणांची नोंद केली.

उजवा रकाना भरताना गंमत वाटते, हात थांबत नाही, आणि धोका तिथेच असतो. टिपणात त्यातील किती उतरवायचे याची एक सोपी परीक्षा आहे : डाव्या रकान्यातील एखादी नोंद ज्यामुळे अधिक नीट कळेल तेवढेच घ्यावे, उरलेले वहीत राहू द्यावे. मी शेवटी हेबियस कॉर्पसची ओळ ठेवली आणि मृतांचा आकडा काढला. आकडा महत्त्वाचा नाही असे नव्हे, पण तो माउरोच्या सुटीबद्दल काही सांगत नाही. हेबियस कॉर्पसची ओळ मात्र सांगते, कारण पकडल्या गेलेल्या माणसाचा ठावठिकाणा विचारायला ज्या देशात दारच उरलेले नाही तिथे घरच्यांनी मुलाला सांगायचे तरी काय? ‘सुटीवर’ हा शब्द पालकांनी मुलाला फसवण्यासाठी शोधलेला नाही. खरे उत्तर उच्चारण्याची सोय नसल्यामुळे तो उरलेला आहे. हे लक्षात आल्यावर मला चित्रपटाच्या नावाचाच अर्थ नव्याने लागला आणि माझे टिपण तिथून सुरू झाले.

आता आपल्याकडचे. अशा चित्रपटावर लिहिताना स्वतःची आठवण आणावीच असा नियम नाही. ज्याच्याकडे नाही त्याने ओढूनताणून आणू नये. ज्याच्याकडे आहे त्याने मात्र भावना न शोधता एखादी वस्तू शोधावी. भावना शोधायला गेले की ‘त्या काळी सगळीकडे भीतीचे वातावरण होते’ असे वाक्य हाती येते, आणि ते वाक्य मी दहा वर्षांचा असताना म्हणणे शक्यच नव्हते.

माझी वस्तू एक सदरा आहे. आणीबाणीच्या काळात आम्ही रविवार कारंजाजवळच्या एका वाड्यात राहत होतो. खालच्या बिऱ्हाडात माझ्या वर्गातला मित्र राहायचा, त्याचे वडील शिक्षक होते. एके दिवशी ते दिसेनासे झाले. मित्र म्हणाला, बाबा पुण्याला ट्रेनिंगला गेले आहेत. मी घरी येऊन तेच सांगितले तेव्हा आईने भाजी चिरताना मान वर न करता ‘हो का’ एवढेच म्हटले. काही दिवसांनी मित्राच्या आईने, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, एक कापडी पिशवी घेऊन शालिमारवरून नाशिकरोडची बस पकडायला सुरुवात केली. जाताना पिशवीत डबा आणि घडी केलेले कपडे असत. येताना मळलेले कपडे असत. दुसऱ्या दिवशी दोरीवर मित्राच्या वडिलांचा खादीचा सदरा वाळत घातलेला दिसे. मी मित्राला विचारले, तुझे बाबा पुण्याला आहेत ना, मग त्यांचा सदरा इथे कसा? तो काहीच बोलला नाही. गोट्यांचा डबा उचलून घरात गेला आणि दार लावून घेतले.

मध्यवर्ती कारागृह नाशिकरोडला आहे, रविवार कारंजापासून दहाएक किलोमीटर, त्या काळी एस. टी.च्या शहर बसचा मार्ग. मोठ्यांना सगळ्यांना ठाऊक होते की मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवू देणाऱ्या कायद्याखाली, धरलेली माणसे तिथे आहेत. मला त्या तुरुंगाबद्दल एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, कारण ती आम्हाला शाळेत अभिमानाने सांगितली गेली होती. तुरुंग म्हणजे पूर्वी, इंग्रजांच्या काळात, चांगली माणसे जिथे ठेवीत ती जागा, अशी माझी पक्की समजूत होती. ती जागा अजून चालू आहे हे कोणी सांगितले नाही.

या आठवणीलाही दोन रकान्यांचा नियम लावावा, आणि स्वतःला लावताना अधिक कडकपणे लावावा. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षपदावरून आणीबाणीला उघड विरोध केला, हे मला कॉलेजात कळले. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना हेबियस कॉर्पसची दाद मागता येणार नाही असा निर्णय दिला आणि न्यायमूर्ती एच. आर. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले, हे त्याहून उशिरा. आणीबाणीत एक लाखाहून अधिक माणसे स्थानबद्ध वा अटकेत होती, हे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगामुळे नोंदले गेले आणि मी चाळिशीत वाचले. यांतील काही टिपणात घ्यायचे असेल तर ‘हे मला नंतर कळले’ असे स्पष्ट म्हणून घ्यावे. दहा वर्षांच्या पोराच्या तोंडी चाळिशीतले वाचन घातले की वाचकाला ते लगेच जाणवते, आणि मग त्याचा सदऱ्यावरचाही विश्वास उडतो.

आठवण ताडून पाहावी. मी पहिल्या खर्ड्यात सदरा वाड्याच्या चौकात, स्वच्छ उन्हात, वाऱ्यावर हलणारा असा लिहिला होता आणि काळ दिवाळीनंतरचा धरला होता. पुढे मित्राकडे, आजही आमचे जाणेयेणे आहे, त्याच्या वडिलांची तुरुंगातून आलेली जपून ठेवलेली पत्रे पाहिली. पहिल्या पत्रावर तपासणीचा शिक्का होता आणि तारीख होती ऑगस्ट १९७५. म्हणजे आणीबाणी जाहीर होऊन, २५ जूनच्या रात्रीपासून मोजले तर, दोन महिनेही झाले नव्हते. ऑगस्टात नाशिकमध्ये कपडे चौकात वाळत घालण्याची सोय नसते. ते आतल्या पडवीत, हाताला लागतील इतक्या खाली बांधलेल्या दोरीवर घालत. आठवणीतले ऊन मी कुठून आणले कोण जाणे, बहुधा एखाद्या चित्रपटातूनच. घरातली पत्रे, शाळेचे दाखले, रेशनकार्ड, जुनी पंचांगे हे सगळे अशा वेळी उपयोगी पडते. त्या काळातील दैनिकांच्या फाइली पाहायच्या असतील तर नाशिककरांनी १८४० पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करावी. मात्र हे सर्व खर्डा लिहून झाल्यावर करावे. आधी केले तर आठवण उगवतच नाही, कागदपत्रेच टिपण लिहून टाकतात.

एका मोहाबद्दल सावध करतो, कारण त्यात मी स्वतः सापडलो होतो. ब्राझीलची लष्करी राजवट १९६४ ते १९८५, म्हणजे २१ वर्षे. आपली आणीबाणी जून १९७५ ते मार्च १९७७, म्हणजे २१ महिने. आकडा जुळला की लेखकाला केवढा आनंद होतो! मी त्यावर एक अख्खा परिच्छेद रचला होता. नंतर लक्षात आले की या जुळण्याला काडीचाही अर्थ नाही, उलट त्यामुळे दोन्हीकडच्या माणसांवर अन्याय होतो. माउरोचे वडील परत येत नाहीत. माझ्या मित्राचे वडील परत आले, निवडणुकीनंतर पुन्हा शाळेत शिकवू लागले आणि आम्हाला सातवीत भूगोल शिकवला. हा फरक टिपणात स्पष्ट शब्दांत यायलाच हवा, साम्य सांगण्याच्या आधी यायला हवा. तिकडच्या वस्तुस्थितीला तिकडेच राहू द्यावे; आपली आठवण तिच्याशेजारी ठेवावी, तिच्यावर ठेवू नये.

ज्यांना तो काळ वाईट वाटला नाही त्यांनाही टिपणात जागा द्यावी, विशेषतः ते आपल्याच घरातले असतील तर. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. आणीबाणीत लोक दहाच्या ठोक्याला मस्टरवर सही करू लागले, फायली हलू लागल्या, याचे त्यांना मनापासून कौतुक होते आणि ते त्यांनी शेवटपर्यंत लपवले नाही. त्याच वडिलांनी मला एका संध्याकाळी, आवाज न चढवता, सांगितले की खालच्यांकडे काही दिवस खेळायला जाऊ नकोस. मी का असे विचारले नाही. गेलोही नाही. पहिल्या तीन खर्ड्यांत हा प्रसंग नव्हता. टिपणात मी फक्त सदरा पाहणारा चौकस मुलगा होतो, आणि बैठकीत एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, मग त्याने दार लावून घेतल्यावर तू काय केलेस? त्या प्रश्नाला उत्तर म्हणून ती संध्याकाळ टिपणात आली. अशा चित्रपटांवरच्या लेखनात लिहिणारा नेहमी सोसणाऱ्यांच्या बाजूला उभा असतो हे मी पुष्कळदा पाहिले आहे. आपल्यापैकी बहुतेकांची घरे तशी नव्हती. ती दार लावून घेणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होती.

शब्दांबद्दल थोडे. पहिल्या पानावर ‘हुकूमशाही’, ‘एकाधिकारशाही’, ‘दमनयंत्रणा’ हे शब्द न वापरता लिहून पाहावे. जमले नाही तर दुसऱ्या पानावर वापरावेत. त्या काळी घरात जे बोलले जाई तेच शब्द ठेवावेत. आमच्या वाड्यात कोणी ‘स्थानबद्धता’ म्हणत नसे, ‘ते आत आहेत’ असे म्हणत, आणि तेही ‘आत’ या शब्दावर आवाज खाली नेऊन. चित्रपटाच्या बाबतीत तांत्रिक संज्ञांची गर्दी करू नये. कॅमेरा कुठे ठेवला आहे हे सांगायचे असेल तर तो मुलाच्या खांद्याच्या उंचीवर आहे असे साध्या शब्दांत सांगावे.

चित्रपट आणि घर यांची सांधेजोड एकदाच करावी. एक परिच्छेद तिकडचा, एक इकडचा, असे टेबल-टेनिस खेळत गेले की वाचकाची मान दुखते. मी चित्रपटाला सलग अर्धे टिपण दिले, मग सदरा आणि ती संध्याकाळ, आणि शेवटी चार ओळींपुरता पुन्हा माउरोकडे आलो, तेही एकाच गोष्टीसाठी : चित्रपटाच्या अखेरीस तो निर्वासित या शब्दाचा स्वतःपुरता जो अर्थ लावतो, इतका उशीर झालेले वडील की जे कधी घरी येतच नाहीत, तो सांगण्यासाठी. त्याच्यानंतर आपले भाष्य जोडू नये. मी जोडले होते, तीन वाक्ये, तीनही काढावी लागली.

टिपणात दुसऱ्या कोणाचे घर येत असेल तर ते त्या माणसाला आधी वाचून दाखवावे. नाव दिले नसले तरी दाखवावे. वाड्यातल्या माणसांना वाडा ओळखू येतो. मी मित्राच्या घरी जाऊन सबंध टिपण वाचले. त्यात सदऱ्याचे वर्णन मी अगदी रंगवून केले होते : दोन्ही बाजूंचे खिसे उलटे बाहेर लोंबत होते, तुरुंगाच्या फाटकात झडती घेताना कोणी तरी ते उलटे केले असावेत आणि काकूंनी ते तसेच राहू दिले असावेत, जणू काय घडते आहे ते वाड्याला दिसावे म्हणून. टिपणातले हे माझे सर्वांत आवडते वाक्य होते. मित्राने शांतपणे ऐकले. वडिलांनी मला खाली जायला मनाई केल्याचा भाग आला तेव्हा तो ‘हं’ म्हणाला, ‘ते आम्हाला कळलं होतं.’ मग थोडा वेळ गेल्यावर हसून म्हणाला, ‘खिसे? अरे, पावसाळ्यात आई सगळ्यांचेच खिसे उलटे करून वाळत घालायची. खादी लवकर वाळत नाही. माझ्या चड्डीचेसुद्धा तसेच असायचे, तू पाहिले नाहीस एवढेच.’

घरी येऊन मी ते वाक्य खोडले. सदरा ठेवला, पडवी ठेवली, आणि त्याच्या शेजारी त्याच दोरीवर खिसे उलटे केलेली एक लहान चड्डी घातली.